पन तू वेगळा हायस

आमचे घरमालक गुलाबकाकाजी. माणसांबद्दलचं त्यांचं सगळं तत्त्वज्ञान दोन वाक्यांत आटोपतं. पहिलं, "ते लोक तसेच." दुसरं, "पन तू वेगळा हायस."

बँकेतली बदली होऊन मी कळंबला आलो आणि त्यांची वरची खोली बघायला गेलो, तर त्यांनी खोलीच्या आधी आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध, हे त्यांना आडनावावरूनच कळलं. बराच वेळ माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, "तुमच्या लोकाइले मी खोली देत नाही. पन तू वेगळा हायस." ओळख होऊन पाच मिनिटं झाली नव्हती. बुटांत काय वेगळं दिसलं, कोण जाणे! राग आला होता, पण खोली हवेशीर होती.

पुढे कळलं की या गावात सगळेच वेगळे. "त्या लोकाइचा भरोसा नाही," असं म्हणत काकाजी घराची किल्ली सलीम मेकॅनिककडे ठेवतात. सलीम वेगळा. बंजारा बायका भांडखोर, पण भाजीवाली शांताबाई वेगळी. तिच्याशी रोजचं भांडण काकाजीच उकरून काढतात. स्वतःचे जातभाई म्हणजे तर एकजात आळशी, काकाजी तेवढे वेगळे. हे ते दुपारी चारला झोपेतून उठून सांगतात.

एकदा मी म्हटलं, "काकाजी, तसा असलेला एक तरी माणूस दाखवा ना."

त्यांनी प्रामाणिकपणे डोकं खाजवलं. "आपल्याले भेटलाच नाही बे. नशीब आपलं!"

ही सवलत फक्त एकाला नव्हती, जावयाला. त्यांची एकुलती एक लेक माया आमच्यातल्या एका मुलाशी लग्न करून नागपूरला राहते. काकाजींनी त्याचं तोंडही पाहिलेलं नाही. काकू मायाच्या लग्नाआधीच वारलेल्या, त्यामुळे घरात हे एकटेच.

यंदा अधिक महिना लागला. लेक-जावयाला बोलावून जेवू घालायचा, जावयाला अनारशांचं वाण द्यायचा धोंड्याचा महिना. मायाचा फोन आला. काकाजी फोन स्पीकरवर ठेवतात, म्हणून तो अख्ख्या आळीने ऐकला.

"बाबा, बोलवाल तर दोघांना बोलवा. मी एकटी येणार नाही."

"पाहू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नंतर त्यांच्या स्वयंपाकघरात भिजत घातलेले तांदूळ दिसले. मी म्हटलं, "काकाजी, तांदळाला वास येतोय."

"येऊ दे. तीन दिवस भिजवा लागतात ते."

आणि एका संध्याकाळी ते ताटली घेऊन वर आले. ताटलीत नुसता तुपकट चुरा. "सगळेच हसले बे," म्हणाले. अनारसा तुपात सुटून पसरला की हसला म्हणतात. "तुमच्यात धोंड्याले जावयाले काय देतात?"

"आमच्यात धोंडा पाळत नाहीत."

त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे अनारसे खात नाही तो?"

"अनारसे कोण खात नाही हो!"

ते खाटेवर बसले. "खरं सांग. तो वेगळा असन का रे?"

माझं डोकंच सणकलं. "नाही काकाजी. माझ्यासारखाच असेल. आणि मी काही वेगळा नाही."

ते ताटलीतला चुरा बोटाने गोळा करत राहिले. मग फोन काढला, स्पीकर लावला.

"माया, दोघंबी या."

पलीकडून हुंदका तेवढा ऐकू आला. माझाही राग कुठल्या कुठे गेला. काकाजींनी घाईघाईने फोन बंद केला.

"असन तसाच तं असू दे बावा," ते म्हणाले. "पन तू त्या दिवशी खालीच जेव. मले त्याच्याशी काय बोलाव ते समजनार नाही."