आठवा दरवाजा फत्ते जाहला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. त्यामागोमाग वीजबाईस दंडवत, कीं तिची कृपा गेली तर पडदा काळा आणि राजा रंक. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, माघ वद्य चतुर्थी, रविवारीं, दोन खोल्यांचे राज्यांत जें युद्ध जाहलें तें आम्हीं डोळां पाहिलें, तैसेंच लिहितों. मीठमसाला थोडका पडला असेल, त्याची क्षमा असावी.

त्या राज्याचे धनी राजश्री हेरंबराव टिपणीस. वय वर्षें बेचाळीस, पोट किंचित पुढें, आणि टीव्ही गेमच्या जुन्या कॅसेटी जमविण्याचा नाद ऐसा कीं तीनशें सतरा कॅसेटी, त्यांत कित्येक वेष्टनसुद्धां न उघडिलेल्या, कपाटांत बंदोबस्तानें ठेविल्या, आणि वरी एक ब्लॉग चालविला, त्यांत बारा वर्षें हरएक खेळाचा वृत्तांत लिहीत आले. त्या ब्लॉगीं रावांनीं लिहिलें जे, 'वज्रद्वार' नामें खेळाचे आठही दरवाजे आम्हीं बाळपणीं सर केले. तें वाचोन इचलकरंजीहून पद्माकर डिग्रजे नामें नाणावलेल्या खेळाडूनें खालीं लिहिलें, "राव, थापा मारू नका. आठवा दरवाजा उघडतच नाही, कॅसेटमध्येच खोट आहे. उघडून दाखवा, नाहीतर ब्लॉगला कुलूप लावा." मग राव खवळले आणि शब्द देऊन बैसले कीं रविवारीं सर्वांसमक्ष लाइव्ह दाखवूं, न जमल्यास लेखणी कायमची ठेवूं. शब्द दिला आणि मग घाम फुटला, कारण बारा वर्षांची अब्रू एका दरवाजास टांगली होती.

मग बाळपणींची कॅसेट काढोन पाहतात तों ती केव्हांच मेली होती. दुसरी होती ती कारखान्याचे वेष्टनासुद्धां, कोणीं कधीं न उघडिलेली, आणि जमविणारांचा धर्म ऐसा कीं वेष्टन फाटलें म्हणजे वस्तूची शान गेली. मागें एका पाहुण्यानें त्यास नुसतें नख लाविलें, तर त्यास चहा न देतां निरोप दिला होता. परंतु वेळ आली आणि रावांनीं डोळे मिटोन वेष्टन टरकाविलें, आणि आम्हीं पाहिलें कीं खाशांचे नेत्र पाणावले.

रविवारीं सकाळीं दहा वाजतां मोबाइल उभा केला, सेहेचाळीस शौकीन पाहावयास जमले, त्यांत डिग्रजे अग्रभागीं. राव सतरंजीवर बैसले, रिमोट हातीं घेतला, आणि काय तो पराक्रम वर्णावा! पहिला दरवाजा घेतला, दुसरा घेतला, मग तिसऱ्याचे राक्षसास लोळविलें, आणि दोन घटकांत सात दरवाजे पाडिले. आठव्यापाशीं मात्र गोळ्यांचा पाऊस पाडिला तरी दरवाजा हालेना, उलट शत्रूचे बाण दुप्पट जाहले आणि एकेक करोन सर्व लाइफ गेल्या, एकच उरली. डिग्रजे यांनीं लिहिलें, "कुलूप आणलंत का?" तेव्हां रावांनीं खेळ पॉज केला आणि पलीकडील गल्लींत राहणाऱ्या वडील भगिनी मंजिरीताई यांस फोन लाविला.

"ताई, वज्रद्वारचा आठवा दरवाजा मी कसा उघडला होता गं?"

"तू? तू पलंगावर बसून बोरं खात होतास. उघडला मी. थांब, आलेच."

ताईसाहेब शाळेंत गणित शिकवितात, त्यांचा दरारा मोठा. आल्या आणि सतरंजीवर बैसल्या आणि पडदा पाहोन वदल्या, "गोळ्या कशाला झाडतोयस? रिमोट खाली ठेव."

"आणि?"

"आणि काही नाही. आईने दुधाकडे बघ म्हणून हाक मारली, मी रिमोट टाकून गेले. परत आले तर दरवाजा उघडा."

"किती वेळ ठेवायचा?"

"अर्धा लिटर दूध वर येईपर्यंत. फ्रिजमधलं काढ, गॅसवर ठेव. मगच पॉज सोड."

तैसेंच केलें. परंतु शत्रू सामोरा, लाइफ एक, आणि हात स्वस्थ ठेवणें हें खेळाडूस मरणाहून कठीण. रावांनीं दोन्ही हात मांडीखालीं दाबिले. प्रथम बाण कानावरोन गेले, मग विरळ जाहले, मग थांबले, आणि रणांगणीं सर्व शांत जाहलें, आणि दरवाजाचीं दोन्ही कवाडें आपोआप उघडलीं आणि आंत सोन्याचें सिंहासन दिसलें! एकच जयघोष जाहला, आणि स्वयंपाकघरांत दूध उतू गेलें त्याकडे कोणीं पाहिलें नाहीं. डिग्रजे दिलाचे मोठे, त्यांनीं लिहिलें, "हरलो. ताईंना मुजरा." रावांनीं त्याच दिवशीं ब्लॉगींचें जुनें वाक्य खोडिलें आणि आपले जागीं भगिनीचें नांव घातलें. कित्येक वर्षांत दोघें एके सतरंजीवर बैसलीं नव्हतीं, तें त्या दिवशीं घडलें, आणि त्याचा आनंद रावांस फत्तेहून अधिक जाहला ऐसें त्यांनीं आम्हांस स्वमुखें सांगितलें. निघतां निघतां ताई कपाटाकडे पाहोन वदल्या, "पुढच्या रविवारी कुठली फोडायची?"

येणेंप्रमाणें सात दरवाजे रावांनीं हातांच्या जोरें घेतले, आठवा ताईंनीं हात आवरवून घेवविला, शब्द राहिला, ब्लॉग राहिला. कपाटांतील वेष्टनें दर रविवारीं एक याप्रमाणें कमी होत आहेत, आणि धन्यास त्याचा तिळमात्र खेद नाहीं.