मागच्या आसाची प्रदक्षिणा

मोटारीची मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर होती आणि उजव्या चाकाशी पाटावर बसलेले वेंकटराव घामाघूम झाले होते. डाव्या चाकाशी त्यांचा मेहुणा भीमसेन होता. मधे गाडी, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.

गाडी वेंकटरावांच्या सासऱ्यांची. परदेशी, डावीकडे स्टिअरिंग असलेली, उघड्या टपाची, साठ वर्षांची. वेंकटरावांच्या नातीचं, दिव्यश्रीचं, लग्न दोन दिवसांवर आलं होतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला उघड्या गाडीत बसवून, नादस्वराच्या मागून तंजावूरच्या चार राजवीथ्या फिरवून मांडवात आणतात. त्याला जानवासम म्हणतात. वरपक्ष भाड्याची गाडी ठरवत होता. "गाडी आमची. मी तयार करतो," असं वेंकटराव भरल्या बैठकीत बोलून गेले. चाळीस वर्षं ग्रंथपालाची नोकरी केलेल्या या गृहस्थांनी घरात कधी खिळासुद्धा ठोकला नव्हता. हिराबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेकॅनिक गणेशकुमारनं ब्रेक केले, पट्टे बदलले आणि मागच्या आसापाशी येऊन तो थांबला.

"सार, आतलं तेल गळून गेलंय. नवं भरतो. पण चाकांमधला डिफरन्शियल साधा आहे की लिमिटेड-स्लिप, ते सांगा."

"फरक काय?"

"साध्यात वळणावर दोन्ही चाकं आपापल्या वेगानं मोकळी फिरतात. दुसऱ्यात आत चकत्या असतात, त्या दोन्ही चाकांना धरून ठेवतात. एक चिखलात रुतलं तरी दुसरं ओढतं. पण त्या चकत्यांसाठी तेलात वेगळं औषध घालावं लागतं."

"आणि नाही घातलं तर?"

"वळणावर ओरडेल, सार."

आसावरची खुणेची पट्टी गंजून गेली होती. पण गाडीचं पुस्तक होतं, आणि पुस्तक म्हटल्यावर वेंकटरावांना धीर आला. त्यात लिहिलं होतं: दोन्ही चाकं उचला, एक चाक हातानं फिरवा, दुसरं त्याच दिशेनं फिरलं तर चकत्यांचा, उलट फिरलं तर साधा.

"भावोजी, पुढं कुठलं आणि मागं कुठलं?" पलीकडून भीमसेननं विचारलं. "मी खाली वाकलोय, माझं डोकं फिरतंय."

वेंकटरावांनी विचार केला. घोटाळा व्हायला नको. "देवाची प्रदक्षिणा आठव. मी चाक प्रदक्षिणेच्या दिशेनं फिरवतो. तुझं कसं फिरतं ते सांग."

त्यांनी चाक फिरवलं. मग पलीकडून आवाज आला, "माझं अप्रदक्षिण फिरतंय."

"म्हणजे उलट. म्हणजे साधा," वेंकटराव म्हणाले. गणेशकुमारनं साधं तेल भरलं. गाडी गल्लीत पुढं-मागं करून पाहिली. गल्ली सरळ होती. नवरदेव जिथून निघायचा त्या देवळापर्यंतचा रस्ताही सरळच होता.

जानवासमच्या संध्याकाळी पहिल्या कोपऱ्यावर गणेशकुमारनं स्टिअरिंग उजवीकडे वळवलं, आणि आसातून लांबलचक कण्हणं आलं. मागोमाग गाडी मागून हादरू लागली. नवरदेव मुरलीकृष्णाची पगडी नाकावर आली. नादस्वरवाल्याचा सूर चुकला आणि त्यानं रागानं मागं पाहिलं.

"अय्यो, गाडीखाली म्हैस आडवी आली का?" नवरदेवाशेजारून त्याची आत्या चंद्रमती म्हणाली.

पुढच्या सीटवर वेंकटराव गारठले. त्यांनी उजवीकडे वाकून चाक पाहिलं. प्रदक्षिणेनं फिरत होतं. मग गणेशकुमारच्या अंगावरून डावीकडे वाकून पाहिलं. अप्रदक्षिण. आणि दोन्ही चाकं बिनतक्रार पुढंच चालली होती. एकच दिशा, दोन बाजूंनी पाहिलेली. पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं.

"औषध आत्ता घालता येईल का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नवरदेव मापळैला उतरवून गाडी उचलू का, सार?"

अजून तीन कोपरे होते. दुसऱ्यावर एक गाय उधळली. तिसऱ्यावर लोक आधीच येऊन उभे होते. बातमी गाडीच्या पुढं पोचली होती. चौथ्यावर तविलवाल्यानं जीव खाऊन आपला ढोल बडवला, तरी आस त्याच्यावर मात करून गेला. मुरलीकृष्ण आता वळणाआधीच दोन्ही हातांनी पगडी धरत होता. मांडवाच्या दारात हिराबाई आरती घेऊन उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "या. तुमचा आवाज दुसऱ्या वीथीपासूनच येत होता."

जेवणं झाल्यावर वेंकटरावांनी भीमसेनला हात धुण्याच्या जागी गाठलं.

"चूक माझी होती. आपण समोरासमोर बसलो होतो. तुझं उलटं म्हणजे माझं सुलटं."

"ठाऊक आहे," भीमसेन म्हणाला.

"कधी कळलं?"

"तेव्हाच. चाक फिरताना."

"मग बोलला का नाहीस?"

भीमसेननं पंच्याला हात पुसले. "हिराअक्कानं सगळ्यांना बजावलं होतं. म्हणाली, त्यांनी जन्मात पहिल्यांदा काही हाती घेतलंय, मधे कुणी शहाणपण करायचं नाही, ते म्हणतील तसंच होऊ द्यायचं."

वेंकटरावांनी नळ सोडला आणि आधीच धुतलेले हात पुन्हा धुतले. आयुष्यात एकदाच सगळ्या घरानं त्यांचं निमूटपणे ऐकलं होतं, आणि ते कसं ऐकू येतं हे आता सगळ्या तंजावूरला ठाऊक झालं होतं.