हनुवटीचा कायदा

आमच्या शेजारचे हरीबप्पा भिंती हनुवटीने मोजतात. कुणाच्या कंपाउंडचं काम निघालं की टोपी सावरत हजर! भिंतीला छाती लावून उभे राहतात आणि वर हनुवटी टेकवून बघतात. टेकली तर भिंत कायदेशीर. नाही टेकली तर, "परवानगी हाय का? ह्याच्यावर बांधायचा नियम न्हाई!" आता बप्पांची उंची ती केवढी! त्यांच्या हिशेबाने निम्मं गाव पाडावं लागेल.

गवंडी त्यांना पाहून कपाळाला हात लावतात. ते ग्रामपंचायतीत शिरले की ग्रामसेवकाला नेमका फोन येतो. ऊसतोडीला जाणारी माणसं दारात बाभळीची काटेरी फांदी आडवी लावून जातात, तिथेही बप्पा वाकून बघतात आणि "ही कायद्यात हाय" म्हणून पुढे सरकतात.

मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. नवरा पुण्याला. दिवाळी झाली की अख्खी गल्ली ऊसतोडीला जाते, बप्पांचा मुलगा आणि सूनसुद्धा. मागे उरतो बप्पा आणि मी. एकट्या बाईला धाकधूक असतेच, म्हणून मी ठरवलं, घराभोवती चांगली उंच भिंत घालायची आणि वर काचा लावायच्या.

भिंत हनुवटीपर्यंत आली आणि बप्पा आले.

"बाई, बास. काम थांबीव."

"कावून?"

"नियम हाय."

माझं डोकंच फिरलं. तशीच ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक हसत म्हणाला, "अहो मॅडम, हनुवटीचा नियम बप्पांनीच काढलाय. तुमची परवानगी झालेली आहे, खुशाल बांधा." मी परवानगीचा कागद घेऊन तरातरा आले आणि बप्पांच्या नाकासमोर धरला.

त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. बाजेवर बसले. त्यांच्या अंगणाच्या पलीकडच्या बाजूला दुसऱ्या शेजाऱ्याची जुनी उंच भिंत आहे, तिच्याकडे बोट केलं.

"तू यायच्या आदीचं हाय. आमची म्हातारी त्या भिताडापाशी पडली. मी बाजारला गेलतो. पलीकडं मानसं व्हती बाई, जेवत बसलेली. हिचा आवाज आदीच बसलेला, कुनाला ऐकूच गेला न्हाई. मी आलो तवर अंग गार पडलं व्हतं." बप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भिताड ठेंगनं असतं तं हात धुताना कुनीतरी डोकावलं असतं. पर पंचायतीत म्हनत्यात, असा नियम न्हाई. मग मीच केला."

मी कागदाची घडी घातली. रोज पेशंटची नाडी बघणारी मी, पण शेजारचा माणूस सकाळी उठला की नाही, हे मला भिंतीपलीकडून कसं कळणार होतं? चोराची भीती अजूनही वाटते. तरी गवंड्याला तिथेच थांबवलं, काचा परत केल्या.

गिलावा वाळल्यावर बप्पा आपल्या अंगणातून भिंतीला येऊन भिडले. वर हनुवटी टेकवली. नुसतं तोंड आणि टोपी दिसत होती. मला हसू आलं.

"आता कायद्यात हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बाई, मी रोज सकाळी हितं हनुवटी टेकवीन. एखाद्या दिशी दिसली न्हाई, तं परवानगीची वाट बघू नगं. सरळ वरून उडी टाक."