सुभानरावांची सनद

“या खेपेला शेवटपर्यंत नेणार! पक्कं!” संभाजीरावांनी जाहीर केलं, तेव्हा सुमनताईंनी भेंडी चिरताना मानसुद्धा वर केली नाही. त्यांचा तरी काय दोष? टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत या गृहस्थांनी बासरी आणली, ती पंधरा दिवसांत कपाटावर गेली. बोन्साय लावले, ते माकडांनी उपटले. कुंभाराचं चाक आणलं, त्यावर आता लोणच्याच्या बरण्या वाळत होत्या. आता म्हणे सुलेखन!

“तेही मोडीत!” संभाजीराव म्हणाले. “आपल्या सनदेची मोठ्ठी प्रत काढणार आणि बैठकीत लावणार!”

सनद म्हणजे घरातला लाल फडक्यात बांधलेला एक जुना कागद. दसऱ्याला तलवारीची पूजा झाली की शेजारी त्यालाही हळदकुंकू वाहायचं, ही चार पिढ्यांची रीत. पणजोबा सुभानराव स्वार होते आणि हा कागद त्यांच्या नावाचा, एवढं सगळ्यांना माहीत होतं. फडकं सोडायची हिंमत मात्र आजवर कुणी केली नव्हती.

“अहो, पण मोडी वाचता कुठे येते तुम्हाला?” सुमनताईंनी विचारलं.

“वाचायचंय काय त्यात? काढायचंय! सनद ती सनद!”

आणि माणूस खरंच कामाला लागला! लाल फडकं सोडलं, पाटणकर बाजारातून जाड कागद आणला, बोरू तासले, शाई घोटली. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायची. संभाजीरावांचा हात उचलला नाही तर शाई सांडायची, उचलला तर अक्षर तुटायचं. सोफ्याचे अभ्रे काळे झाले, चष्मा काळा झाला, एकदा तर वरणात बोट बुडवून त्यांनी ताटात ‘श्री’ काढला. तब्बल त्रेचाळीस कागद वाया गेले. पण पठ्ठ्या हटला नाही! पहाटे उठून सराव करायचा, खांदा भरून आला की बाम चोळून पुन्हा बसायचा. सुमनताई वरून कुरकुरत होत्या, पण मनातून त्यांना कौतुक वाटत होतं.

घोटाळा केला तो तोंडाने. महाराष्ट्र मंडळाच्या मंदाताईंनी फोनवर विचारलं, “लिहिलंय काय हो सनदेत?”

आता काय सांगणार? “पराक्रम!” संभाजीराव म्हणाले.

“कसला?”

“किल्ल्याचा दरवाजा राखला. पन्नास स्वारांनिशी!”

भाजीवाल्यापर्यंत पोचेतो स्वार दोनशे झाले. शेजारच्या रघुनाथरावांना सांगताना पाचशे झाले आणि सुभानरावांच्या अंगावर सतरा वार पडले. ते सांगताना संभाजीरावांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

इकडे लेक हर्षिताचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या ऑफिसातल्या राजवर्धनशी तिचं जमलं होतं आणि रविवारी त्याच्या घरचे बोलणी करायला येणार होते.

“बाबा, प्लीज, ती फ्रेम लावू नका ना! राज के दादाजी को बड़ी-बड़ी बातें बिल्कुल पसंद नहीं! मागच्या स्थळाला त्यांनी त्याच्यावरूनच नाही म्हटलंय!”

“अगं, ती बढाई मारणारी माणसं होती. आपल्याकडे पुरावा आहे!”

रविवारी पाहुणे आले. राजवर्धन, त्याचे आईवडील आणि ब्याऐंशी वर्षांचे आजोबा मल्हारराव. समोरच्या भिंतीवर सागवानी चौकटीत चार फुटी सनद. चहा यायच्या आतच संभाजीराव सुरू झाले. पाचशे स्वार, दरवाजा, सतरा वार! हर्षिता चिवड्याच्या बशीत बघत बसली.

मल्हारराव काठी टेकत उठले, भिंतीजवळ गेले आणि चष्मा पुसला.

“आमची हयात गेली दप्तरखान्यात, मोडी कागदांचे बांधलेले रुमाल सोडण्यात. वाचू का?”

संभाजीरावांनी हातातली बशी खाली ठेवली. “वा... वाचा की!”

म्हातारबुवांनी खणखणीत आवाजात वाचलं: “सुभानराव स्वार यांसी ताकीद. दुपारचे पहाऱ्यास किल्ल्याचे दरवाजी निजलेले आढळलेत. घोडा जागा होता. पूर्वी दोन वेळा समज दिली असता फरक नाही. सबब घोडा दुसरे स्वारास द्यावा आणि तुम्ही तबेल्यात लीद काढावी.”

चार पिढ्या दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, ते या कागदाला! सुमनताईंनी पदर तोंडाला लावला, तो रडू आवरायला की हसू, ते त्यांचं त्यांनाच कळेना. हर्षिताचे डोळे भरून आले. संभाजीरावांना वाटलं, आपण पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. लाज वाटली, फार वाटली.

ते उभे राहिले. “काका, मला मोडी वाचता येत नाही. पाचशे स्वार माझ्या मनाचे. पोरीला याचा बोल लावू नका. तिने फ्रेम लावू नका म्हणून हात जोडले होते.”

“घोडा जागा होता!” मल्हारराव पुटपुटले आणि एकदम इतके हसले की काठी सुटली. मग राजवर्धन हसला, मग सगळेच! हर्षिता डोळे पुसत हसत होती. सुपारी त्याच बैठकीत फुटली.

“पण अक्षर काय काढलंय!” मल्हारराव पुन्हा चौकटीपाशी गेले. “रेघ कशी ताठ! इतकं सुबक वळण आजकाल बघायला मिळत नाही हो.”

संभाजीरावांची छाती फुगली. त्रेचाळीस कागद कारणी लागले!

पाहुणे निघाले. फाटकापाशी मल्हाररावांनी संभाजीरावांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला.

“आमच्या घरीही एक कागद आहे, फडक्यात बांधलेला. चाळीस वर्षांपूर्वी मी तो वाचला आणि गुपचूप परत बांधून ठेवला. पोरांना सनद म्हणूनच सांगितलंय. भिंतीवर लावायला अशीच मोठी प्रत काढून द्याल?”

“आनंदाने!”

“तुम्हाला वाचता येत नाही, हे नक्की ना?”

“एक अक्षर नाही!” संभाजीराव छाती काढून म्हणाले.