सरपंचांची काळी मिशी

सरपंच भगवानराव सकाळी उठले ते डोळे न उघडताच, कारण डोळे उघडतच नव्हते. वरचा ओठ नाकाला भिडला होता आणि गाल टरारून फुगले होते. बायको रुखमाबाई त्यांना पाहून किंचाळली, तेव्हा प्रकरण किती पुढे गेले ते त्यांना कळले.

कारण फक्त त्यांनाच ठाऊक होते. गुरुवारी नव्या शाळाखोलीचे उद्घाटन, नांदुऱ्याहून फोटोवाला येणार, आणि मिशी पांढरीफेक! धोबी बिब्ब्याने खूण करतो ती कपडा फाटला तरी जात नाही, मग मिशीवरून कशी जाईल, असा विचार करून त्यांनी काल गुपचूप बिब्ब्याचे तेल मिशीला चोपडले होते. तेल तोंडभर उतले. मिशी मात्र झकास काळी झाली होती.

शेजारचा इंद्रभान धावत आला. "हे तं करणी हाये! काल तुमी तानुबाईची बकरी कोंडवाड्यात टाकली, तं ते काय म्हणे? 'देव तुमाले पाहून घेईन.' घ्या, पाह्यलं!"

खरे बोलावे तर मिशीचे बिंग फुटणार. स्वातंत्र्यानंतर निवडून आलेले भगवानराव हे गावचे पहिले सरपंच. पंधरा ऑगस्टला त्यांनी अंधश्रद्धेवर तासभर भाषण ठोकले होते. आता मात्र "नाई बे" एवढे दोन शब्द तोंडातून निघेनात.

बातमी विहिरीवर गेली. कोणाची म्हैस आटली होती, कोणाचे पोर दिवाळीत तापले होते, ते सगळे तानुबाईच्या माथी आले. दहा वाजता ठरले, या बाईला गावाबाहेर काढायचे. हे भगवानरावांच्या कानावर आले. एकट्या विधवेने जायचे कुठे? आता बोलू, मग बोलू करता करता दुपार झाली आणि माणसे तानुबाईला त्यांच्याच अंगणात घेऊन आली.

तिने सरपंचांचे तोंड पाहिले, मिशी पाहिली आणि हळूच म्हणाली, "बिब्बा उतला ना? खोबरं अन तीळ वाटून लावा. पन या लोकायले सांगा आता."

भगवानरावांना रडूच फुटले. "बाप्पाहो, करणी-बिरणी काई नाई. म्या मिशीले बिब्बा लावला!"

"पाहा!" इंद्रभान ओरडला. "सरपंचाच्या तोंडून आता ते बाईच बोलून राह्यली! एवढा शायना माणूस मिशीले बिब्बा लावन काय बे?"

"लावला बे! देवाशप्पथ लावला!"

भगवानराव जसजसे ओरडत, तसतशी करणी पक्की होत गेली. रुखमाबाईने शोधून बिब्ब्याची वाटी आणली, तर ती वाटीही तानुबाईनेच ठेवली असणार, असे निघाले. दोघांनी तानुबाईचा हात धरला.

तिने हात झटकला आणि वाटी उचलली. "करणीनं सुजते का बिब्ब्यानं, आत्ताच समजन. ज्याले शंका असन त्यानं पुढं या. मिशीले बोट लावते."

पंचवीस-तीस हात एकदम पंचवीस-तीस मिशांवर गेले.

"ये इंद्रभान, तूच ये."

"मले कायची शंका?" इंद्रभान मागे सरकत म्हणाला. "बिब्बाच हाये तो. दिसूनच राह्यला ना!"

पाच मिनिटांत अंगण रिकामे झाले. रुखमाबाई पाट्यावर खोबरे वाटायला बसली. भगवानरावांनी हात जोडले. "तानुबाई, गाव चुकलं. पन म्या सांगतलं ना खरं?"

"सांगतलं," तानुबाई डोळे पुसत म्हणाली. "सकाळी काऊन नाई सांगतलं?"

रुखमाबाईने वाटणे थांबवले. उत्तर तिलाही ऐकायचे होते.