निळ्या बॅटीची शिक्षा

मी ठरवलं, आज पोराची बॅट रांगेत जरा मागे सरकवायची. एवढंच. माणसं मारामाऱ्या करतात, मी बॅट सरकवते. वय झालं, जास्त काही झेपत नाही.

आमच्या कॉलनीत पिकलबॉलचं कोर्ट झालंय. टेबल टेनिस वाढत वाढत टेबलावरून खाली उतरलं, असा तो खेळ. फळीसारखी बॅट, भोकाभोकांचा प्लास्टिकचा बॉल. कोर्ट एकच आणि खेळणारी सगळी कॉलनी, म्हणून कुंपणाला एक लांब फळी ठोकलीय. आलं की आपली बॅट तिच्यावर रांगेत उभी करायची. एक डाव संपला की चौघांनी बाहेर यायचं, पुढच्या चार बॅटवाल्यांनी आत जायचं. तोंड उघडायची गरजच नाही.

पण आमच्या पोराला तोंड उघडल्याशिवाय करमत नाही. पोरगा म्हणजे ऑडिटर. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेतो. कोर्टावर तेच फुकट करायचा. समोरच्याचा बॉल लाइनीवर पडला की हा ओरडणार, "बाहेर!" डाव संपला तरी हलायचा नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई बिचाऱ्या खेळायला आल्या, तर त्यांना मनगट कसं धरायचं ते शिकवत बसला. (त्या रोज लोकांच्या दाढा उपटतात. मनगट त्यांना याने शिकवायचं!)

शेवटी कोर्टाचे सेक्रेटरी, रिटायर हेडमास्तर, दारात उभे राहिले.

"आणखी एक तक्रार आली की महिनाभर कोर्ट बंद. तुमच्यापुरतं."

ते ऐकून पोराचं तोंड उतरलं, पण सूनबाईचं त्याहून जास्त उतरलं. मागे त्याचा पाय मुरगळला होता, तेव्हा तो संध्याकाळी घरी होता. स्वयंपाकघरातले सगळे डबे त्याने उंचीप्रमाणे लावले. अजून मीठ हवं असलं की तिला आधी मिठाची उंची आठवावी लागते.

"आई," ती माझा हात धरून म्हणाली, "काहीही करा, पण ह्यांना कोर्टावर टिकवा. महिनाभर हे संध्याकाळी घरात राहिले तर मी माहेरी जाईन."

मग मी शिकवणी घेतली. हॉलमध्ये दोन खुर्च्यांना दोरी बांधली, मोज्यांचा बॉल केला.

"लाइनीवर पडला. काय म्हणायचं?"

"आई, आधी नीट बघावं लागेल."

"बघायचं नाही. आत म्हणायचं."

"आणि खरंच शंका असली तर?"

"तर समोरच्याचा पॉइंट. हसून द्यायचा. हस बघू."

तो हसला. मी म्हटलं, "राहू दे, नुसताच दे."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर कोर्टावर गेले आणि फळीशेजारच्या बाकावर बसले. पोरगा शहाण्यासारखा खेळत होता. कुणाचा बॉल आला की वाकून उचलून देत होता. मला कौतुक वाटलं, पण खरं सांगू, कंटाळापण आला. म्हटलं, नंबर हुकला तरी हा इतकाच गोड राहतो का, बघू या. पुढच्या डावाआधी तो पाणी प्यायला गेला. फळीवर त्याची निळी बॅट दुसरी होती. मी ती हळूच उचलली आणि सगळ्यांच्या शेवटी ठेवली. (चष्मा घरी होता. चष्म्यात मी म्हातारी दिसते.)

डाव संपला. आणि पोरगा खुशाल आत गेला!

मी मनात म्हटलं, मेला रांग मोडून घुसला! अजून नाहीच सुधारला. पुढच्या खेपेला बॅट पुन्हा मागे सरकवली. हा पुन्हा आत. मी पुन्हा सरकवली. माझं डोकं तापलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई शेजारी येऊन बसल्या. "आजी, आज माझा नंबरच लागत नाही हो. जवळ येतो आणि जातो."

"लोकांना शिस्तच नाही," मी म्हटलं. त्यांच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

आणखी दोन डाव बसून झाल्यावर त्या गोड बाईंचापण धीर सुटला. त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी कुणाला काही विचारलंच नाही, सरळ आमच्या पोराला हाक मारली.

"काय हो, पुन्हा सुरू? डॉक्टरांचा नंबर कोण खातंय?"

"सर, मी नंबरानेच खेळलो."

"तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? महिनाभर येऊ नका."

सगळे गोळा झाले. डोळ्यांपुढे सूनबाईची बॅग आली. आता हा तडकणार, मास्तरांची इयत्ता काढणार! पण पोरगा म्हणाला, "शंका आहे ना? मग पॉइंट तुमचा." आणि हसला. अगदी वाईट हसला, पण हसला.

मला भरून आलं. वाटलं, इतकं शिकलंय लेकरू, रांगेत घुसायची सवयसुद्धा आत्ताच मोडून टाकावी. सगळे त्याच्याकडे बघत होते. मी हळूच निळी बॅट उचलली आणि शेवटी नेऊन ठेवली.



वळून बघते तर सगळे माझ्याकडे बघतायत. आणि पोराच्या हातात, छातीशी धरलेली, त्याची निळी बॅट.

"आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती माझी आहे."

मी म्हटलं, "धूळ बसली होती हो." कुणी हसलं नाही.

मास्तरांनी पोराची माफी मागितली, हात मिळवला. बंदी फिरवली ती माझ्यावर. महिनाभर आजींनी कोर्टाच्या फाटकातसुद्धा यायचं नाही. (मास्तर माझ्याहून थोडेच लहान आहेत, पण आजी म्हणायची हौस.)

मी काही वाईट वाटून घेतलं नाही. पोरगा टिकला, सून माहेरी जायची राहिली. मी संध्याकाळी घरात राहू लागले, सूनबाईला सोबत म्हणून. तिचा फोन चालू असला की बाहेर जाऊन बेल वाजवायची नि दाराआड लपायचं. तिने टीव्ही लावला की रिमोट उशीखाली सारायचा आणि तिच्याबरोबर मनापासून शोधायचा. घर कसं भरल्यासारखं वाटायचं.

आठवडा झाला नसेल, सूनबाई मास्तरांकडे गेल्याचं कळलं. मला वाटलं, सून असावी तर अशी! सासूसाठी पदर पसरायला गेली. मी मास्तरांना कॉलनीच्या गेटवर गाठलं.

"काय म्हणत होती हो?"

मास्तर चाचरले. "बदली करता येईल का, विचारत होत्या."

"कसली बदली?"

"म्हणाल्या, हवं तर ह्यांना बंदी घाला, पण आईंना परत घ्या, नाहीतर मी माहेरी जाते."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी कमिटीत मत घेतलं, आजी," मास्तर चार पावलं मागे सरकून म्हणाले. "सगळे म्हणाले, सूनबाईंनी माहेरी जावं."