भरीतबंदी

सकाळच्या चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच योगराजच्या फोनवर ओळ उमटली, 'जीवराम ग्रुपमधून बाहेर पडला.' योगराजने कप खाली ठेवला, उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"काय व्हयनं रे?" लसूण सोलणाऱ्या आईने विचारलं. तिचं नाव सुमनबाई, पण अख्खं तिनपिंपळी खुर्द तिला अक्का म्हणायचं.

"काही नही, माय. जीवराम गया."

"अरे देवा! कव्हय?"

"ग्रुपमधून गया."

"मंग तसं सांगानं ना, मेल्या!" अक्काने छातीवरचा हात काढला आणि सांडलेल्या पाकळ्या गोळा करायला घेतल्या.

ग्रुपचं नाव 'समस्त ग्रामस्थ' आणि ॲडमिन योगराज. गावातलं मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान त्याचं असल्याने हे पद त्याच्याकडे आपोआप आलं होतं. आठवडाभर या ग्रुपवर नुसता धुमाकूळ चालू होता. विषय कापसाच्या भावाचा नव्हता की पाण्याच्या टाकीचाही नव्हता. फोनमधल्या खोट्या बातम्या कोणी आवरायच्या, सरकारने, कंपनीने की ज्याच्या त्याने, हा विषय होता. वाद दिल्लीत चालावा असा, पण लढला जात होता तिनपिंपळीत, आणि तोही पाणी भरता भरता.

जीवरामचं म्हणणं साधं होतं. "सरकारनी लगाम धराले पाहिजे. खोटं टाकी त्याले सरळ आत टाका." योगराजचं म्हणणं त्याच्या नेमकं उलट. लगाम सरकारच्या हातात गेला, की उद्या रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो टाकायचीही चोरी होईल. दोघांचंही बोलणं ऐकताना पटायचं, म्हणून गाव रोज पक्ष बदलत होतं.

मग परवा जीवरामने एक फोटो टाकला. वांगं होतं आणि ते उचलायला दोन माणसं लागली होती. खाली लिहिलं होतं, 'नवीन बियाणे'. योगराजने ते कॉम्प्युटरने बनवलेलं चित्र ओळखलं आणि ॲडमिनचा अधिकार वापरून तडक उडवून टाकलं. बोलण्याचं स्वातंत्र्य मागणाऱ्याने पहिली कात्री चालवली आणि लगाम मागणारा लगाम लागताच उधळला. त्यातून जीवराम वांग्याचा शेतकरी. वांग्यावरून त्याला खोटं पाडणं म्हणजे सोनाराला सोनं शिकवायला जाणं.

खरं दुःख निराळंच होतं. थंडी पडली, की जीवरामच्या मळ्यात भरीत व्हायचं. शाळेत होते तेव्हापासूनचा हा शिरस्ता. वांगी जीवरामची, कपाशीच्या वाळल्या काड्या आणि भाजलेली वांगी ज्यात कुटायची ती लाकडी बडगी योगराजकडची. दोघांच्या लग्नांत मानपान चुकले, बांधावरून कुरबुरी झाल्या, पण भरीत कधी चुकलं नाही. यंदा वांगी एका घरात आणि बडगी दुसऱ्या घरात रुसून बसली होती. योगराज रिचार्ज मारताना आकडे चुकत होता. संध्याकाळी जीवरामच्या मळ्याकडे बघायचं नाही असं ठरवून तो नेमका तिकडेच बघत उभा राहायचा.

"जाय ना मंग त्याना घर," अक्का म्हणाली.

"तो ग्रुप सोडी गया, मी काबरं जाऊ?"

अक्काने चष्मा पुसला, फोन घेतला आणि ती ओट्यावर जाऊन बसली.

शुक्रवारी दुपारी ग्रुपवर बातमी पडली. टाकली उखर्डूने, पण उखर्डू काहीही टाकायचा. त्याला ती दोंडाईच्याच्या साडूकडून आली होती, साडूला त्याच्या शेजारणीकडून. निळ्या साडीतली निवेदिका गंभीर चेहऱ्याने सांगत होती, "धुराचे वाढते प्रमाण पाहता येत्या सोमवारपासून उघड्यावर काड्या पेटवून वांगी भाजण्यास मनाई करण्यात येत आहे. भरितासाठी पूर्वपरवानगी आवश्यक राहील."

या गावाने आजवर वादळाच्या इशाऱ्यांवर विश्वास ठेवला नव्हता, लसीकरणाच्या तारखांवर ठेवला नव्हता. या बातमीवर मात्र गावाने एका क्षणात विश्वास ठेवला. आपल्या ताटातल्या भरितावर कोणाचा तरी डोळा आहे, हा संशय खानदेशी माणसाच्या मनात मुळातच असतो. बातमीने फक्त दुजोरा दिला.

योगराजला शंका आली होती. पण ही बातमी उडवावी, तर उद्या गाव म्हणणार, ॲडमिनने दाबली. त्याने ग्रामसेवक समाधान भाऊसाहेबांना फोन लावला.

"भाऊसाहेब, भरीतबंदी खरी का हो?"

"मला पत्र आलेलं नाही."

"म्हणजे बंदी नाही?"

"बंदी नाही असंही पत्र आलेलं नाही," भाऊसाहेब सावधपणे म्हणाले. "तोंडी मी काही सांगणार नाही. वरून आलं, की कळवतो."

योगराजने हे जसंच्या तसं ग्रुपवर घातलं. गावाने त्याचा अर्थ काढला, की बंदी येतेय. मग सोमवारच्या आत, म्हणजे रविवारीच, हात धुऊन घ्यायचं ठरलं. प्रत्येक घराने. एकाच दिवशी.

आता गंमत अशी झाली, की हिरवी, काटेरी देठाची, भरिताची म्हणावी अशी वांगी गावात फक्त जीवरामकडे होती. आणि बाकीच्यांनी काड्या केव्हाच ट्रॅक्टरखाली घालून रानात गाडल्यामुळे, काड्यांची गंजी फक्त योगराजकडे होती. सगळं गाव दोघांच्या मध्ये येऊन उभं राहिलं.

"त्याले सांगा, वांगा लागतीन तितला तोडी न्या," जीवराम उखर्डूला म्हणाला. योगराज तिथून चार हातांवर उभा होता.

"त्यालाही सांगा, काड्या मळ्यातच आणून टाकतो. घरोघर पेटवल्या तर गाव पेटेल," योगराज म्हणाला.

उखर्डूने दोन्ही निरोप इमानाने पोचवले. एवढं खरं आणि एवढं वेळेवर त्याने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी पुढे पाठवलं होतं.

रविवारी जीवरामच्या मळ्यात जत्रा लोटली. बांधाच्या कडेने ओळीने आगट्या पेटल्या. वांग्यांची सालं तडकू लागली, हिरव्या मिरच्यांचा ठसका उठला, बायकांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्या. अक्का एका बाजेवर बसून कोण कुठे काय चुकतंय ते सांगत होती. जीवराम वांगी उलटत होता, योगराज काड्या सारत होता. दोघं एकाच आगटीवर होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

"वांगं जळी ऱ्हायनं," जीवराम आगटीला उद्देशून म्हणाला.

"मग काड्या कमी सारायला सांगायचं कोणी तरी," योगराजनेही आगटीलाच उत्तर दिलं.

अक्काने ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

धुराला मात्र बांधाची हद्द ठाऊक नव्हती. वारा फिरला आणि अख्ख्या गावाच्या भरिताचा धूर उठून हायवेवर जाऊन बसला. भरदुपारी ट्रक दिवे लावून चालू लागले. कोणा वाटसरूने फोटो काढून टाकला, 'तिनपिंपळी आगीच्या विळख्यात'. तो फोटो तालुक्याला पोचला आणि तासाभरात मळ्याच्या तोंडाशी एक आगीचा बंब आणि एक सरकारी जीप उभी राहिली. जीपमधून नायब तहसीलदार हितेंद्र बोरसे साहेब उतरले. डोळे चोळत त्यांनी विचारलं, "काय पेटलंय?"

"वांगी," गाव म्हणालं.

साहेबांना बंदीची बातमी दाखवण्यात आली. ती बघून त्यांचा पारा चढला. "असा कुठलाही आदेश नाही! शासनाच्या नावाने खोटी बातमी? मला त्या ग्रुपमध्ये घ्या, सगळे मेसेज बघतो. ॲडमिन कोण आहे?"

योगराज पुढे झाला. त्याने साहेबांना ग्रुपमध्ये घेतलं.

"मूळ बातमी टाकणारा सापडला नाही, तर जबाबदार तुम्ही. चला, बसा जीपमध्ये."

जीवरामच्या हातात गरम वांगं होतं. त्याने ते खाली टाकलं आणि तो राखेच्या हातांनीच साहेबांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"सायेब, त्याले सोडा. ती बातमी मी धाडी."

"खोटं बोलतोय, साहेब!" योगराज ओरडला. "याला साधा फोटो आडवा करता येत नाही. ॲडमिन मी, जबाबदार मी."

"तू गप बस! ग्रुपमा नही तरी मी बोलसू!"

"साहेब, त्याचं ऐकू नका, मला न्या!"

आठवडाभर जो खोटं टाकणाऱ्याला आत टाका म्हणत होता, तोच जीवराम आत जायला धडपडत होता, आणि ज्याला सरकारचा हात नको होता तो सरकारचा हात धरून मला न्या म्हणत होता. असा मित्र एका वांग्याच्या चित्रापायी आपण दूर सारला, याची योगराजला मनापासून लाज वाटली.

"अरे, सरका दोन्ही!" बाजेवरून आवाज आला. अक्का काठी टेकत आली. "सायेब, बातमी मी बनाडी. फोनले सांगं, अशी अशी बाई पाहिजे, असं असं बोलाले पाहिजे. त्यानी करी दिधं. मंग दोंडाईचाले बहीणले धाडी, तीच उखर्डूना साडूनी शेजारीन. या दोन्ही येडासले एका आगटीवर बसाडनं व्हतं."

योगराज आणि जीवराम तिच्याकडे तोंड वासून बघत राहिले. साहेब मात्र मोठ्याने हसले. त्यांचा राग त्या हसण्यात बराचसा वाहून गेला. "अक्का, मुलाला वाचवायला बरं सुचलं तुम्हाला. पण हे काम तुमच्यासारख्यांचं नाही हो. यामागे मोठं डोकं आहे."

हे वाक्य अक्काला लागलं. पण ती म्हणाली एवढंच, "बरं. पहिले खाई ल्या."

बडगीतलं भरीत समोर आलं. वर कांद्याची पात, शेंगदाणे, बाजूला भाकरी. चौकशी ताटाशेजारी बसली. अक्काने मायेने विचारलं, "कोठला तुम्ही?"

"धुळ्याचा." दुसऱ्या घासाला साहेबांचा आवाज मऊ झाला. "आई तिकडे, बायको-मुलं तिकडे. बदलीचा अर्ज देऊन देऊन थकलो. मुलगी फोनवर विचारते, बाबा, तुम्ही पाहुणे आहात का?"

"अरे अरे," अक्का हळहळली आणि ती खरोखर हळहळली होती. मग ती चष्मा लावून बाजेकडे गेली.

साहेबांनी तिसऱ्यांदा भरीत वाढून घेतलं, तेवढ्यात त्यांचा फोन किणकिणला. त्यांनी ग्रुपवर आलेली बातमी उघडली. गंभीर चेहऱ्याची निवेदिका सांगत होती, "महसूल विभागात खांदेपालट. नायब तहसीलदार हितेंद्र बोरसे यांची धुळे येथे बदली." साहेबांचा घास तोंडातच राहिला. डोळे भरून आले. भरिताचेच हात पँटला पुसून त्यांनी ती बातमी पुढे पाठवली, आधी बायकोला, मग घरच्या ग्रुपला. "झाली! झाली बदली!" म्हणत त्यांनी शेजारी बसलेल्या बंबाच्या ड्रायव्हरला मिठी मारली.

"इस्वास बसना का आते, सायेब?" अक्काने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यात ती निवेदिका अजून तेच बोलत होती.

साहेबांची मिठी सुटली. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून त्यांच्या बायकोचा आनंदी आवाज साऱ्या आगटीला ऐकू आला. आईंनी देवापुढे साखर ठेवली होती, मुलगी नाचत होती, आणि तिचे मामा तर टेम्पो ठरवायला गेलेसुद्धा. "हो... हो, बघतो," एवढंच म्हणून साहेबांनी फोन ठेवला. अक्काचाही चेहरा पडला होता. मजा एवढ्या लांब जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

साहेबांनी खाकरून इकडेतिकडे पाहिलं आणि ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "अक्का, ते चौकशीचं राहू द्या. पण... बदली तूर्तास स्थगित, अशी एखादी बातमी होईल का हो?"

अक्काने विचारायला म्हणून दोघांकडे पाहिलं. एकाच ताटात हात घालून बसलेले योगराज आणि जीवराम, या विषयावर पहिल्यांदाच, एका सुरात म्हणाले,

"बनाड, माय!"